मालिकेपुरते गाणे?

जळगावात मेहरूणच्या तलावाकाठी हिवाळ्यात सकाळी फिरायला येणाऱ्यांची गर्दी वाढते. रस्त्याच्या कडेला बोरांच्या टोपल्या मांडलेल्या असतात आणि घरी जाताना प्रत्येकाच्या हातात पावशेर-अर्धा किलोची पुडी असते. गेल्या पौषात अशाच एका सकाळी आमच्यापैकी एकाचा मोबाइल वाजला आणि त्यातून ‘आभाळमाया’ मालिकेच्या शीर्षकगीताची सुरावट आली. आमच्यात एक निवृत्त मराठीचे प्राध्यापक आहेत. आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो. ते थांबले आणि म्हणाले, “भावगीत संपलं ते ह्यांच्यामुळे. हे गाणं नव्हे, मालिकेची पाटी आहे.” बाकीच्यांनी माना डोलावल्या. सरांचा अधिकार मोठा, त्यांनी आम्हाला बालकवी शिकवले. मी त्या वेळी काही बोललो नाही. पण ते मत एकट्या सरांचे नाही. मराठी सुगम संगीतावरच्या व्याख्यानांत, लेखांत, गाण्यांच्या कार्यक्रमांतल्या निवेदनांत ते इतक्या वेळा ऐकले आहे की आता त्याला रीतसर उत्तर द्यावे असे वाटते.

पूर्वपक्ष आधी नीट मांडू, कारण दुबळा करून मांडलेला पूर्वपक्ष खोडण्यात अर्थ नसतो. शीर्षकगीत मागणीवरून बनते: निर्मात्याला मालिका विकायची असते, म्हणून कवीकडून आणि संगीतकाराकडून माल तयार करून घेतला जातो, त्यात आतून आलेले काही नसते. ते मालिकेला जखडलेले असते; मालिका संपली की त्याचे प्रयोजन संपते. ते अपुरे असते, कारण मिनिटभरात भावना फुलत नाही. आणि सर्वांत धारदार मुद्दा असा की ही गाणी लोकांना आवडतात ती गुणामुळे नव्हे, सवयीमुळे. रोज रात्री कानावर आदळणारी कोणतीही चीज माणसाला आपली वाटू लागते.

पहिला आक्षेप मागणीचा. नैयायिकांच्या भाषेत बोलायचे तर या लक्षणात अतिव्याप्तीचा दोष आहे. जे टाकायचे नाही तेही ते टाकून देते. ‘गीतरामायण’ कसे झाले? पुणे आकाशवाणीवर सीताकांत लाड यांना वर्षभर चालेल अशी संगीतमालिका हवी होती. त्यांनी ती ग. दि. माडगूळकरांकडे मागितली. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पहिले गीत वाजले आणि पुढे दर आठवड्याला एक याप्रमाणे ५६ गीते झाली. ठरलेला वार, ठरलेली वेळ, ठरलेले माध्यम आणि पुढचे गीत ध्वनिमुद्रणाच्या दिवसापर्यंत हातात पडलेच पाहिजे असा तगादा. मालिकेच्या कार्यालयात याहून वेगळे काय असते? माडगूळकरांनी मागणीवरून लिहिले आणि सुधीर फडक्यांनी मागणीवरून चाली बांधल्या, म्हणून त्या गीतांना कोणी माल म्हणत नाही. मग मागणी हा दोष उरत नाही. मागणी केवळ दार उघडते. आत कोण येतो ते येणाऱ्याच्या कुवतीवर ठरते.

आणखी मागे जाऊ. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ १८८० साली रंगभूमीवर आले. त्या संगीत नाटकांची नांदी प्रयोगापुरतीच रचलेली असे. भरताच्या नाट्यशास्त्रातही ती पूर्वरंगाचा भाग आहे. तमाशात वगाच्या आधी गण येतो, आणि आमच्या खानदेशातल्या फडांनीही तो कधी टाळला नाही. खेळ सुरू होतो आहे, हे सांगणारे गाणे ही आपली जुनी गरज आहे. दूरदर्शनने ती निर्माण केली नाही. नांदी नाट्यगृहात बसलेल्या प्रेक्षकाला गायली जाई. शीर्षकगीत स्वयंपाकघरात भाकरी थापणाऱ्या प्रेक्षकाला बोलावून आणते. एवढाच फरक, आणि हा फरक मला लहान वाटत नाही. ओट्यापासून खोलीपर्यंत माणसाला उठवून आणायचे तर पहिल्या दोन-तीन सेकंदांत ओळख पटली पाहिजे. तिथे लांबलचक वाद्यमेळाला जागा नसते. चालीला थेट तोंड उघडावे लागते.

दुसरा आक्षेप, मालिका संपली की गाणे संपते. इथे जरा परदेशात जाऊन येऊ. इटलीत कार्यक्रमाच्या अशा गाण्याला ‘सीग्ला’ असा स्वतंत्र शब्द आहे आणि तिथल्या लोकप्रिय संगीतात त्याला मानाचे स्थान आहे. १९६६ साली तिथल्या दूरचित्रवाणीवर ‘आरिया कोंदित्स्योनाता’ नावाचा कार्यक्रम होता. त्याच्यासाठी माउरित्स्यो कोस्तान्झो आणि गीगो दे कियारा यांनी शब्द लिहिले, मीना या गायिकेने गायले आणि संगीत दिले एन्नियो मोरिकोने यांनी. हे तेच मोरिकोने, ज्यांची ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ची शीळ आपल्याकडच्या पोरांनीही वाजवली, तो चित्रपटही त्याच वर्षीचा. गाण्याचे नाव ‘से तेलेफोनांदो’. त्याच्या ध्रुवपदाची चाल अवघ्या तीन स्वरांभोवती फिरते. आघात मात्र दर वेळी निराळ्या स्वरावर पडतो, त्यामुळे तेच तीन स्वर पुन्हा पुन्हा नवे वाटतात. मार्से शहरातल्या पोलिसांच्या भोंग्यावरून ती सुचली असे सांगतात. आज तो कार्यक्रम फारसा कोणाच्या आठवणीत नाही. गाणे मात्र साठ वर्षे गायले जाते आहे. १९७२चे ‘पारोले पारोले’ तर कार्यक्रमाच्या शेवटी वाजणारे गाणे: ‘तेआत्रो १०’ संपताना पुरुष नुसता बोलतो आणि मीना गाते. पुढच्याच वर्षी दालिदा आणि आलँ दलाँ यांनी ते फ्रेंचमध्ये केले आणि जगभर गेले. ‘तेआत्रो १०’ हे नाव ते गाणे ऐकणाऱ्या दहातल्या नऊजणांना ठाऊक नसावे.

पण इटलीपर्यंत जायचीही गरज नाही. आपली नाट्यपदे कुठे नाटकाला जखडून राहिली? ‘मानापमान’ १९११चे, ‘स्वयंवर’ १९१६चे. गोविंदराव टेंब्यांनी आणि भास्करबुवा बखल्यांनी दिलेल्या त्या चाली आज भजनी मंडळात, गाण्याच्या क्लासात, गणपतीच्या मांडवात चालतात. ‘मानापमान’मधल्या पदाच्या वेळी धैर्यधर कुठे उभा होता आणि भामिनी काय म्हणाली होती, हे गाणाऱ्याला ठाऊक नसते. प्रसंग गळून गेला, पद उरले. पद उरले म्हणून आपण ते थोर मानतो. मग ‘गोट्या’ मालिका पाहिलीही नाही अशी मुले तिचे शीर्षकगीत शाळेच्या प्रार्थनेनंतर म्हणतात, तेव्हा त्या गाण्याला वेगळा न्याय कशासाठी? मी शाळेत होतो तेव्हा आम्ही ते म्हटले, आणि माझ्या मुलीने तिच्या शाळेत म्हटले. तिला ना. धों. ताम्हनकरांचे पुस्तक मी नंतर आणून दिले. गाणे आधी आले.

तिसरा आक्षेप लांबीचा, आणि इथे भावगीताच्या कैवाऱ्यांनी स्वतःच्या घराकडे पाहायला हवे. मराठी भावगीताचा जन्म कुठे झाला? कवीच्या वहीत नव्हे, तबकडीवर. १९३०च्या दशकाच्या आरंभी जी. एन. जोशींनी ना. घ. देशपांड्यांची ‘शीळ’ ध्वनिमुद्रित केली आणि घराघरात कवितेचे गाणे झाले. ७८ फेऱ्यांच्या त्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटेच मावत. तेवढ्यात बसवण्यासाठी कवितेची कडवी गाळली गेली, आलाप आखडले, वाद्यांचे तुकडे मोजून मापून टाकले गेले. मैफलीत ख्याल ऐकणाऱ्याला ही तीन मिनिटे तेव्हा थट्टाच वाटली असणार. म्हणजे भावगीताची लांबीच मुळी एका कंपनीच्या यंत्राने ठरवली. ज्या तीन मिनिटांचा आज आपण अभिमान बाळगतो त्या तीन मिनिटांना यंत्राने कापले तर ती कला, आणि एका मिनिटाला दुसऱ्या यंत्राने कापले तर तो व्यापार, हा न्याय कोणत्या शास्त्रातला?

आता मुख्य गोष्टीकडे येतो. आतापर्यंत केवळ खंडन केले. आरोप खोटा ठरला म्हणजे गुण सिद्ध होत नाही. गुण दाखवायचा तर गाणी उघडून पाहावी लागतात.

‘आभाळमाया’ घ्या. १५ ऑगस्ट १९९९ रोजी अल्फा मराठी वाहिनी सुरू झाली, त्या सुरुवातीच्या काळातली ही मालिका. शब्द मंगेश कुळकर्णींचे, संगीत अशोक पत्कींचे, स्वर देवकी पंडितांचा. मालिका एका बाईच्या संसाराची, पण गाण्यात ती बाई नाही, तिचा नवरा नाही, मुली नाहीत. गाणे म्हणजे व्याख्यांची माळ आहे: जीव कशाला म्हणायचे, अश्रू कशाला, काळ कोणता, आभाळ कोणते. दर व्याख्या अर्ध्या श्वासात संपते. ही रीत आपल्याला ठाऊक आहे, कारण साधू कोण, देव कुठे, हे संतांनी याच धाटणीत सांगितले. आता अक्षरे मोजा. चरणामागून चरण सहा अक्षरांचा. मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे असतात आणि चौथा आखूड पडतो. इथेही सहा-सहाच्या रांगेनंतर अगदी शेवटी एक आखूड चरण येतो, पाच अक्षरांचा. तो म्हणजे मालिकेचे नाव. अभंगात जिथे कवीची नाममुद्रा यायची, तिथे कुळकर्णींनी मालिकेचे नाव ठेवले आहे. निर्मात्याची मागणी नाव गाण्यात आणण्याची असते. तिला कवीने असा मान दिला की ते नाव साऱ्या व्याख्यांचा शेवटचा अर्थ होऊन बसले. पाटी रंगवणाऱ्याचे हे काम नव्हे.

त्याच जोडीची ‘वादळवाट’ २००३ची. इथे छंद बदलला: आठ अक्षरांचा चरण. समुद्र, चांदणे, अंगण, काळोख, नदीकाठ अशी चित्रे एकामागून एक येतात आणि प्रत्येक चित्र आठ अक्षरांत मावते. मालिकेचे नाव पुन्हा शेवटीच, तेही समास फोडून, साध्या ‘ची’ प्रत्ययाने, म्हणजे ऐकताना नाव वाटतच नाही, वाट वाटते.

आणि ‘गोट्या’. १९९०च्या सुमाराची दूरदर्शनची मालिका. मधुकर आरकडे यांचे शब्द, पुन्हा अशोक पत्कींची चाल, अरुण इंगळे यांचा आवाज. मालिका एका अनाथ पोराची, पण गाणे सांगते ते बियाण्याबद्दल: त्याला ओल हवी, राखण हवी, खडकात ते कसे रुजावे. इथेही चरण आठ अक्षरांचा. पहिल्याच ओळीत एक शब्द लगेच दुसऱ्यांदा येतो.

जळगावच्या माणसाला हे ऐकताना कोणाची आठवण होते, ते सांगायला नको. बहिणाबाईंच्या कितीतरी गाण्यांचा पाया हाच आहे. आठ अक्षरे, पहिल्या ओळीत शब्दाची जोडी, मग चूल, पीक, पाखरू, मन यांची एकेक उपमा. बहिणाबाईंची गाणीही कामाला बांधलेली होती. जाते फिरवताना, शेतात राबताना ती आली. त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी ती टिपून घेतली, १९५२ला अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघाले. जात्याला बांधलेले गाणे जाते गेल्यावर संपले नाही. गिरण्या आल्या, जाती अडगळीत गेली आणि गाणी शाळेच्या पुस्तकात, सिनेमात, रेडिओवर गेली. आमच्या भागात तर कामाविना, निमित्ताविना गाणे हेच नवल. श्रावणात कानबाई बसते तेव्हाची गाणी वेगळी, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गौराईची आणि झोक्यावरची वेगळी, हळदीची वेगळी. ही गाणी निमित्ताची म्हणून हलकी, असे खानदेशात कोणाही बाईला सांगून पाहा.

तेव्हा माझे म्हणणे असे आहे: नव्वदीनंतर नवी कविता गाण्यात यायची वाट अरुंद झाली. रेडिओ ऐकणे कमी झाले, कॅसेटचा धंदा बसला, सिनेमाने गाण्याचा सूर बदलला. त्या पंधरा-वीस वर्षांत मराठी भावगीत ज्या ओसरीवर थांबले ती ओसरी म्हणजे मालिकांचे शीर्षकगीत. तिथे कवी होता, छंद होता, शब्द कळेल असे गाणारा गळा होता, आणि गाव-शहर असा भेद न करता ऐकणारे घर होते. मालिकांनी भावगीताला मारले नाही. ते ज्या घरात तगले ते घर मालिकांचे होते. संगीतकार बहुतेक वेळा तेच होते, ज्यांनी आधी भावगीते बांधली. अशोक पत्कींना जाहिरातींच्या गाण्यांवरून नावे ठेवणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की १५ ऑगस्ट १९८८ला आलेल्या ‘मिले सुर मेरा तुम्हारा’च्या चालीत त्यांचा हात आहे आणि ‘अंतर्नाद’ या कोंकणी चित्रपटासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आहे. तीस सेकंदांत पूर्ण वाक्य बोलायला ज्याचा हात जाहिरातीत बसला, त्याला मिनिटभरात पूर्ण गाणे देता आले, यात कमीपणा कसला?

सवयीचा आक्षेप उरला. तो सर्वांत धारदार, म्हणून शेवटी ठेवला. आठवड्यात पाच दिवस चालणाऱ्या मालिकेचे गाणे वर्षात २६० वेळा कानावर पडते. दोन-तीन वर्षे मालिका चालली तर हा आकडा कुठल्या कुठे जातो. एवढ्या वेळा ऐकले तर आवडणारच, असे पूर्वपक्षी म्हणतो. हा हेतू सव्यभिचारी आहे. साध्य नाही तिथेही तो हजर असतो. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत शेकडो मराठी मालिका आल्या. प्रत्येकीचे गाणे रोज वाजले. आवर्तन सर्वांना सारखेच मिळाले. सवय हेच कारण असते तर सगळीच गाणी आज ओठांवर असती. तशी ती नाहीत. बहुतेक विसरली गेली, काही तर मालिका चालू असतानाच नकोशी झाली. उरली ती मोजकी. उलट अनुभव असा की रोजचे ऐकणे वाईट गाण्याचा जीव लवकर घेते. मैफलीत एकदा ऐकलेले सुमार गाणे सहन होते, दोनशे साठाव्यांदा ऐकलेले होत नाही. इतक्या वेळा ऐकूनही जे उतरले नाही, त्याने दिलेली परीक्षा ‘शीळ’ने कधी दिली नव्हती.

सरांचे एक म्हणणे मी पूर्ण मान्य करतो. अलीकडे पुष्कळ शीर्षकगीतांत नायक-नायिकेची नावे कोंबलेली असतात, मालिकेचे नाव चार वेळा ओरडले जाते आणि ते गाणेही कापत कापत काही सेकंदांवर येते. मोबाइलवर पाहणारा तेवढेही पुढे ढकलतो. हे वाईट आहे आणि मला त्याचे खरोखर दुःख होते. पण हा शीर्षकगीत या प्रकाराचा दोष नाही. प्रकार मोडला जात असल्याची ती खूण आहे. नांदीच रद्द केली, तर नाटकाची नांदी वाईट होती असे म्हणता येत नाही.

भारनियमनाचे दिवस आठवतात. मेहरूणमधल्या आमच्या गल्लीत उन्हाळ्यात सगळे ओट्यावर बसायचे. घरोघरचे टीव्ही एकदम सुरू व्हायचे आणि ‘वादळवाट’चे गाणे गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, घरागणिक किंचित मागे-पुढे, ऐकू यायचे. मग मध्येच दिवे जायचे. गाणे अर्ध्यावर तुटायचे आणि अंधारात कोणीतरी उरलेले पूर्ण करायचे. बहुधा मुली, कधी कोणाची आजी. मालिकेत पुढे काय झाले ते दुसऱ्या दिवशी विचारून कळायचे, गाणे मात्र तिथल्या तिथे पुरे केले जायचे.

अशाच एका वर्षी आखाजीला धुळे जिल्ह्यातून माझी मावशी माहेरी आली होती. मागच्या अंगणात लिंबाला झोका बांधलेला. ती झोक्यावर उभी राहून गौराईचे गाणे म्हणत होती आणि चाल ओळखीची वाटली म्हणून मी दारात थांबलो. शब्द गौराईचे, शंकराचे, माहेरच्या वाटेचे, चाल ‘वादळवाट’ची. आठ अक्षरांवर आठ अक्षरे बसत होती, एकही ओढावे लागत नव्हते. मी विचारले, मावशी, ही चाल टीव्हीवरची ना? तिने झोका थांबवला नाही. “हाई आखाजीनी चाल शे,” ती म्हणाली आणि पुढचे कडवे घेतले.